एक्केचाळिसावं पान

नाचणगावच्या मनकर्णाबाईंना वाचता येत नाही हे मला पहिल्याच भेटीत कळलं, आणि पुढे एका रविवारी मी त्याचा फायदा घेतला. खोटं कशाला बोलू. आज इतक्या वर्षांनीसुद्धा हे आठवलं की बसल्या जागी कान तापतात.

मी हिंगणघाटच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. सत्त्याण्णव साली पीएच.डी.साठी नाव नोंदवलं आणि विषय घेतला यशोदाबाई. आज त्यांचं नाव कोणाला माहीत नाही. फिरत्या नाटक कंपनीतल्या त्या नटी. बाजारात विकल्या जाणाऱ्या राणीचं काम त्यांनी अकरा वर्षं केलं. स्टेजवर बोली सुरू झाली की बायका पदराने डोळे पुसायच्या, आणि एखादा म्हातारा उठून राणीला सोडवायला म्हणून खिशातली चिल्लर स्टेजवर टाकायचा. एकोणीसशे अठ्ठावीस साली, भर नावात असताना, यशोदाबाईंनी नाटक सोडलं. पुढची वीस वर्षं त्या सालदारीविरुद्ध लिहीत आणि बोलत गावोगाव फिरल्या. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. बोली वर्षाची, पण बापाचं साल मुलाच्या गळ्यात आणि मुलाचं नातवाच्या गळ्यात पडायचं. ही गुलामगिरीच आहे, असं त्यांनी एका पुस्तकात छापलं. पुस्तकाचं नाव 'सालाची माणसं'.

हा विषय मला सुचला तो घरातूनच. माझं माहेर वेणेकाठचं, आजोबा बापूराव तिथले मालगुजार, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारे जमीनदार. यशोदाबाईंची कंपनी आजोबांनी पोळ्याला गावात आणली होती, बाईंना शालू दिला होता, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात सांगितली जायची. प्रबंधाच्या प्रस्तावनेत आजोबांचं नाव घालायचं, हे मी विषय मंजूर होण्याआधीच ठरवून टाकलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं. 'या थोर कलावतीला आश्रय देणारे' वगैरे.

पुस्तक मात्र मिळेना. दोन वर्षं मी वाचनालयं पालथी घातली. वर्ध्याला एका ठिकाणी कार्ड सापडलं, पण कपाटात पुस्तक नव्हतं. शेवटी सेलूला हिरालालजी भेटले. त्यांचं कापडाचं दुकान, पण वडिलांचा छापखाना होता आणि पुस्तक तिथेच छापलं गेलं होतं. ते म्हणाले, पाचशे प्रती निघाल्या आणि त्यातल्या चारशे एका मालगुजाराने एका दिवशी गाडी लावून उचलून नेल्या. कोण मालगुजार, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, माझं माहेर कोणतं ते विचारून घेतलं आणि म्हणाले, आता आठवत नाही. मीही पुढे विचारलं नाही. यशोदाबाईंनी सांभाळलेली मुलगी नाचणगावात आहे, एवढा पत्ता मात्र त्यांनी दिला.

मनकर्णाबाई तेव्हा सत्त्याहत्तरच्या होत्या. पुलगावहून रिक्षाने दहा मिनिटांवर त्यांचं दोन खोल्यांचं घर. सून रूपाली अंगणवाडीत जायची, म्हातारी दिवसभर एकटी असायची. मी आपलं नाव ज्योत्स्ना असं सांगितलं आणि ओळख पक्की व्हावी म्हणून वर जोडलं, की मी बापूराव मालगुजारांची नात. म्हातारीला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती फक्त "हो का" म्हणाली आणि बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत राहिली.

पुस्तक होतं. लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं, चौसष्ट पानांचं, कडा खाल्लेलं. मी झेरॉक्ससाठी मागितलं तर तिने मान हलवली.

"घराबाहीर नाई जाणार ते," ती म्हणाली. "इथंच बसून वाच. अन् मोठ्यानं वाच, मले ऐकू दे. मले वाचता येत नाई. मास्तरानं नाटकवालीची पोरगी म्हणून शाळेत बसू देलं नाई."

मग मी दर रविवारी जाऊ लागले. सकाळच्या गाडीने पुलगाव, दुपारभर वाचन. एक वाक्य मोठ्याने वाचायचं, वहीत उतरवायचं, मग पुढचं. एका बैठकीत दहा पानंसुद्धा होत नसत. म्हातारी भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायची. मधेच तिचे ओठ हलायचे. मला वाटायचं, देवाचं नाव घेत असेल.

पुस्तक जबरदस्त होतं. यशोदाबाई नटी होत्या, त्यामुळे प्रत्येक वाक्य बोलायला बसेल असं. गावांची नावं, मालकांची नावं, गड्यांची नावं, सगळं उघड. दुसऱ्या गावांच्या मालगुजारांवर ओढलेले कोरडे वाचताना माझा आवाज चांगला खणखणीत लागायचा. एकदा तर मी थांबून म्हातारीला समजावून सांगितलं की पाहा, त्या काळी लोक किती निर्दय होते. वर आमच्या घरची गोष्टही सांगितली.

ती गोष्ट मी कुठेही सांगायचे. वर्गात सांगितली होती, एका दिवाळी अंकात त्यावर लेखही लिहिला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून सोललेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून पळसाच्या पानाने शेकतात आणि बैलांना म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आमच्या घरी बैलांबरोबर सालदाराचाही खांदा शेकायचे. तोही वर्षभर राबतो, मग त्याचा मान का नको? आणि हा मान करायचा घरच्या लेकीने. मी आठ वर्षांची असल्यापासून आमच्या हरिदासच्या खांद्याला हळद-तूप लावत आले होते. लग्नानंतरही पोळ्याला माहेरी गेले की वाटी माझ्याच हातात यायची. लेखाचं नावच मी दिलं होतं 'घरचाच माणूस'. हे सगळं मी मनकर्णाबाईंना मोठ्या कौतुकाने ऐकवलं. त्यांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले.

पाचव्या रविवारी एक्केचाळिसावं पान आलं. वर आमच्या गावाचं नाव होतं. मी आनंदाने वाचायला तोंड उघडलं आणि नजर खाली घसरली. पुढच्या ओळीत बापूराव होते. त्याच्या पुढच्या ओळीत गोठा होता.

मी खोकल्याचं निमित्त केलं, पाणी मागितलं, आणि म्हातारी माठाकडे गेली तेवढ्यात ते पान डोळ्यांनी वाचून काढलं. ती परत येऊन टेकली. मी पान उलटलं आणि बेचाळिसाव्यावरून वाचायला लागले. तिथून दुसऱ्याच गावाची हकीकत होती. सांधा दिसत नव्हता. चोराच्या मनात चांदणं, म्हणून दोन-तीनदा तिच्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने ती एवढंच म्हणाली, की आज तुझा आवाज बसला, चहा घे.

तो चहा मी प्यायले, बिस्किटसुद्धा खाल्लं. स्वतःला समजावलं, की चौसष्टातलं एक पान. संशोधनात निवड करावीच लागते. शिवाय पुस्तकाची ही एकच प्रत, आणि जिच्याकडे ती आहे तिला वाचता येत नाही. कोण विचारणार आहे? वर्गात मुलींना खऱ्याखोट्यावर तास तास बोलणारी मी गाडीत खिडकीशी बसून हा हिशेब करत होते.

शेवटच्या रविवारी पुस्तक संपलं. पोळा चार दिवसांवर आला होता. मी वही मिटली, म्हातारीच्या पाया पडले, हौसेने नेलेलं लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. तिने ते बाजूला सारलं.

"एक पान गाळलं तू," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही हो, सगळं वाचलं. हे मी तिच्या डोळ्यांत पाहून म्हटलं. सगळ्यात जास्त लाज मला कशाची वाटत असेल तर त्या वाक्याची.

तिने पुस्तकाला हातही लावला नाही. पाठ भिंतीपासून सोडवून ती ताठ बसली, आणि त्या बोळक्या तोंडातून, वऱ्हाडी बोलणाऱ्या त्या बाईच्या तोंडातून, सत्तर वर्षांपूर्वीची स्टेजवरची शुद्ध भाषा एकेक शब्द निघायला लागली.

"अकरा वर्षे मी रंगभूमीवर विकली जात होते. रोज बोली लागे, रोज मी रडे, व लोक टाळ्या देत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बापूराव मालगुजारांच्या गोठ्यात मी पाहिले, की बैलांच्या रांगेत एक माणूस उघड्या खांद्याने उभा आहे. मालगुजारांची लहान लेक वाटी घेऊन आली. तिने बैलांचे खांदे शेकले, मग त्याचा शेकला, व म्हणाली, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मंडळी कौतुकाने हसली. मला कळले, की ज्याचा खांदा असा शेकला, त्याचे पुढचे साल ठरले. त्याला वेगळे विचारावयाचे नसते. मी मालगुजारांना म्हटले, हा नको म्हणाला तर? ते म्हणाले, बाई, बैल कधी नको म्हणतो काय? त्या माणसाचे नाव प्रेमदास. तोही हसत होता. मी खोटी विकली जाते आणि रडते. हा खरा विकला गेला आहे आणि हसतो आहे. त्या दिवसापासून मला तोंडाला रंग लावता आला नाही."

एवढं बोलून ती थांबली. बाहेर कोणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव चालले होते.

मग तिने साध्या बोलीत सांगितलं. यशोदाबाई पुस्तक विकत नसत. सालदारांना कुठलं वाचता येतं? त्या आठवडी बाजारात ओट्यावर उभं राहून सगळं पुस्तक तोंडी म्हणून दाखवायच्या, आणि लहानगी मनकर्णा पुढे बसून ऐकायची. शेकडो वेळा ऐकलं. पहिल्या दिवसापासून मी वाचत होते तेव्हा तिचे ओठ हलत होते ते त्यामुळे.

"प्रेमदास माया बाप," ती म्हणाली. "कंपनी निघाली त्या दिवशी मायनं मले बाईच्या छकड्यात बसोलं. मी सहा वर्साची होती. भाऊ मोठा होता, कामाचा होता, म्हून तो राह्यला. तुमच्या घरचा हरिदास त्याचाच पोरगा न?"

मी मान हलवली. हरिदासला मी जन्मल्यापासून ओळखत होते. त्याला एक आत्या आहे, हे मला माहीत नव्हतं.

"तुमाले पह्यल्याच दिवशी सगळं माहीत होतं," मी कसंबसं म्हटलं. घाबरले की माझ्या तोंडात माहेरची बोली येते. "मंग काऊन वाचू देलं मले?"

"पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "वाचते का नाई म्हून."

मी रडले. तिने रडू दिलं. समजूत घातली नाही, हातही लावला नाही. रडणं थांबल्यावर पुस्तक फडक्यात बांधून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "नेजो. पण पह्यले ते पान हरिदासले वाचून दाखवजो. त्याच्या आज्याचं नाव हाय त्यात."

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी माहेरी गेले. आधी बाबांना, म्हणजे प्रभाकररावांना, एकटं गाठून सांगितलं. त्यांना धक्का वगैरे बसला नाही. चारशे प्रती आपल्याच वडिलांनी आणल्या होत्या, हे त्यांनी सहज सांगून टाकलं. त्या सालचा सगळा हिवाळा आंघोळीचं पाणी कडक तापायचं एवढं त्यांना आठवत होतं. ते म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या पुस्तकाला वाळवी लागली म्हणून सांग आणि मोकळी हो. आणि हरिदासला काय वाचून दाखवायचं? आपण त्याला काय कमी केलं?

हा शेवटचा प्रश्न शब्दशः माझ्याच लेखात होता.

दुपार कलल्यावर सगळे गोठ्यात जमलो. बैल नदीवर धुऊन आणलेले होते. बाबा खाटेवर बसले, भाऊ भूपेंद्र पळसाची पानं घेऊन उभा राहिला. रांगेच्या शेवटी हरिदास. चोपन्न वर्षांचा माणूस, सदरा काढून घडी करून डाव्या खांद्यावर टाकलेला, उजवा खांदा उघडा, दरवर्षीसारखा. आईने, सुमित्राबाईंनी, कोमट हळद-तुपाची वाटी माझ्या हातात दिली.

आणि मी ती घेतली. गाळलेलं पान उतरवून घेतलेली वही पिशवीत होती, सगळं ठरवून आले होते, तरी हात आपोआप पुढे झाला. पहिल्या बैलाचा खांदा चोळला, दुसऱ्याचा, चौथ्याचा. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. तीस वर्षांची सवय. हरिदाससमोर आले, तुपात बोटं बुडवली. त्याने खांदा थोडा खाली केला, माझा हात पुरावा म्हणून. मी आठ वर्षांची असताना तो वाकायचा. आता तेवढं वाकायची गरज नव्हती, तरी तो वाकला होता.

"हरिदास, सदरा घाल," मी म्हटलं.

त्याला कळेना. त्याने बाबांकडे पाहिलं. मी वाटी गव्हाणीवर ठेवली, पदराला हात पुसले आणि वही काढली. भूपेंद्र म्हणाला, ताई, काय करून राह्यली तू? मी वाचायला सुरुवात केली. गावाचं नाव आलं. बापूराव मालगुजार आलं, तिथे माझा आवाज गेला. हरिदास म्हणाला, "मोठ्यानं वाचा, ताई." मी मोठ्याने वाचलं. प्रेमदासचं नाव आलं तेव्हा त्याने सदऱ्याच्या बाहीत हात घातला. बैल कधी नको म्हणतो काय, या वाक्याला बाबा खाटेवरून उठले आणि आत गेले. आई त्यांच्या मागे गेली. मी शेवटपर्यंत वाचलं आणि म्हटलं, तुझी आत्या जिवंत आहे, नाचणगावला. तिने वाचायला सांगितलं.

हरिदास एकेक बटण लावत होता. मी त्याच्याकडे पाहत उभी होते. तो रडेल, चिडेल, माझे आभार मानेल, देवाशपथ, त्याही क्षणी माझ्या मनात कुठेतरी होतं की तो माझे आभार मानेल.

"आत्याले भेटाले जाईन मी," तो म्हणाला. "पण ताई, हे तं मले मालूम हाय. आमच्या घरी लहान लहान लेकरायले मालूम हाय. मी इतके वर्स समजत होतो का तुमालेबी मालूम हाय, अन् तरीबी तुमी लावता."

मग तो बैलांना पाणी दाखवायला गेला. वाटीतलं तूप थिजलं होतं. भूपेंद्रने ती उचलून आत नेली.

पुढच्या गुढीपाडव्याला, नवं साल लागतं तेव्हा, हरिदासने साल धरलं नाही. तो हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. बाबांनी त्यानंतर माझ्याशी दोन वर्षं धड बोलणं ठेवलं नाही, आणि ते मला शिक्षेसारखं नव्हे, सुटकेसारखं वाटलं. कधी बाजारात हरिदास दिसतो. पहिल्यासारखंच ताई म्हणतो, मुलांची चौकशी करतो. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहते. खांद्याकडे माझी नजर जात नाही.

प्रबंध दोन हजार एक साली मंजूर झाला. प्रस्तावनेत आजोबा नाहीत. ते पान एकशे बाराव्या पृष्ठावर पूर्ण आहे. त्याखाली मी एक तळटीप दिली होती. मार्गदर्शक सरांनी तिच्यावर लाल पेनने काट मारली, की हे व्यक्तिगत आहे, संशोधनात बसत नाही. मी ती तशीच टाइप करून घेतली. तळटीप अशी आहे: 'बापूराव मालगुजार हे प्रस्तुत संशोधिकेचे आजोबा. वर वर्णिलेली प्रथा त्या घरी सन १९९८ पर्यंत चालू होती. १९६९ पासून हळद-तूप लावणारा हात प्रस्तुत संशोधिकेचा.'